पळणे आणि पळून जाणे यांतील फरकाबाबत

प्रति,
मा. उद्यान अधीक्षक,
उद्यान विभाग, दुसरा मजला.

विषय: शनिवारच्या मोफत धावेवरील बंदी उठवण्याबाबत व माझ्या सासूबाई पळून गेल्या नसल्याबाबत.

संदर्भ: १) आपला मंगळवारचा बंदी आदेश.
२) तळ्याकाठच्या उद्यानाच्या रखवालदारांचा शनिवारचा अहवाल.

महोदय,

मी पाणी तपासणी प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ आहे. आपल्याच परवानगीने गेले सोळा आठवडे दर शनिवारी सकाळी सात वाजता तळ्याकाठच्या उद्यानात चार फेऱ्यांची, म्हणजे पाच किलोमीटरची धाव होते. शुल्क नाही, बक्षीस नाही. एकदा नाव नोंदवायचे आणि यायचे. पळवत नसेल त्याने चालावे, चार फेऱ्या झेपत नसतील त्याने एक करावी. सर्वांत मागे एक स्वयंसेवक चालतो, त्यामुळे नवख्या माणसाला आपण शेवटचे येऊ ही भीती राहत नाही.

रखवालदारांचा अहवाल असा: "सात वाजता एक्केचाळीस इसम पळण्यासाठी आत आले. आठ वाजता चाळीस बाहेर पडले. एक स्त्री पळून गेली." त्यावर आपला आदेश असा: "सदर उपक्रमातून नागरिक पळून जात असल्याने तो पुढील सूचनेपर्यंत बंद करावा."

रखवालदारांची मोजणी अचूक आहे. चूक निष्कर्षात आहे. एक्केचाळिसावी व्यक्ती म्हणजे माझ्या सासूबाई. वय अडुसष्ट, उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. पहिल्या शनिवारी त्यांनी एक फेरी सव्वीस मिनिटांत केली आणि बाकावर बसून मला म्हणाल्या, "हे तुझं खूळ आहे, पुढच्या वेळी मला उठवू नकोस." पुढच्या शनिवारी त्यांनीच मला उठवले. गेल्या शनिवारी त्यांनी प्रथमच चौथी फेरी घेतली. मागे चालणारे शिंपीकाका स्वयंसेवक होते. त्यांना सासूबाईंनी "माझ्यामागे पोलिसासारखे येऊ नका" म्हणून पुढे पिटाळले. साफसफाईसाठी आठ वाजता गेट बंद झाले, तेव्हा त्या गेटपासून एकशे साठ मीटरवर होत्या. त्यांच्या वेगाने ते अंतर दोन मिनिटांचे आहे.

एक जण आत आहे, असे मी रखवालदारांना तीनदा सांगितले. ते म्हणाले, "ताई, मी मोजलंय. एक पळाली. आता मी लिहिणार." नऊ वाजता गेट उघडले, तेव्हा सासूबाई कुलपाशेजारी उभ्या होत्या. मधला वेळ वाया जाऊ नये म्हणून त्यांनी आणखी दोन फेऱ्या मारल्या होत्या.

शास्त्रीय बाजू थोडक्यात मांडते. पळून जाणाऱ्याचे विस्थापन, म्हणजे मूळ जागेपासूनचे सरळ अंतर, शून्याहून जास्त असावे लागते. आमची धाव जिथे सुरू होते तिथेच संपते. अंतर पाच किलोमीटर, विस्थापन शून्य. सोळा आठवड्यांत इतके पळूनही आम्ही कुठेच गेलेलो नाही.

काल मी हे आपल्या कार्यालयातील लिपिकांना समजावले. ते म्हणाले, "पळून गेलेल्या इसमाचा ठावठिकाणा लागेपर्यंत फाइल बंद होत नाही." ठावठिकाणा आमचे स्वयंपाकघर आहे, असे मी सांगितले. "मग हजर करा." दुपारी मी सासूबाईंना हजर केले. दोन जिने त्या न थांबता चढल्या. लिपिकांनी रजिस्टर चाळले आणि म्हणाले की पळून गेलेली व्यक्ती स्वतःच्या पायांनी परत आल्यास त्यासाठी रकाना नाही. सासूबाईंनी अहवाल स्वतः वाचला. "अहो दादा, वर्षापूर्वी मला न्हाणीघरापर्यंत धरून न्यावं लागत होतं. आणि सरकार म्हणतंय मी पळाले? याची शिक्क्यासकट नक्कल द्या, डॉक्टरांना दाखवते." नक्कल अद्याप मिळालेली नाही.

बंदी कायम राहिल्यास परवाचा शनिवार बुडेल. गुडघ्याचे डॉक्टर सांगतात की अशा सवयीत खंड पडला की माणूस परत बाकावर बसतो. चाळीस जणांचे मी सांगू शकत नाही. एकीला मी बाकावरून उठताना पाहिले आहे. सबब मागण्या अशा:

(क) रजिस्टरमध्ये "पळून गेली" ऐवजी "चालत होती" अशी दुरुस्ती व्हावी.

(ख) बंदी शनिवारपूर्वी उठवावी.

(ग) गेट आठऐवजी आठ वाजून पाच मिनिटांनी बंद करावे. (ही मागणी खोडली आहे. अर्ज वाचून दाखवल्यावर सासूबाई म्हणाल्या, "दोन मिनिटांसाठी साहेबांपुढे हात पसरू नकोस. आठ म्हणजे आठ. मी येते.")

(घ) शंका उरल्यास आपण स्वतः स्थळपाहणी करावी. शिंपीकाकांनी मागे चालण्याचे काम सोडल्याने ती जागा रिकामी आहे. पूर्वानुभव लागत नाही, पळावे लागत नाही, आणि कोण पळून गेले व कोण मागे राहिले हे तिथून सर्वांत स्पष्ट दिसते. मात्र चालण्याचे बूट घालून यावे. सासूबाई कोणासाठी थांबणार नाहीत, आणि गेट आठला बंद होते.

आपली नम्र (विस्थापन शून्य),
(सही)
संयोजक, शनिवारची धाव
दिनांक: गुरुवार, धावेच्या दोन दिवस आधी

सोबत:
१) सोळा शनिवारांच्या वेळांचा तक्ता.
२) उद्यानाचा नकाशा, आठ वाजता सासूबाई कुठे होत्या तिथे फुली.
३) सासूबाई: एकदा सादर केल्या आहेत. पुन्हा हव्या असल्यास शनिवारी सात वाजता उद्यानात, गेटच्या आत.