पुजलेली खुर्ची

आबा, तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली आणि मी तुमच्या नावावर एक खोटं खपवलं आहे.

बी.ए. झाल्यावर मी सांगलीत अपंग मुलांच्या वसतिगृहात शिकवायला लागले. घरातली पहिली पदवी कुणाच्या तरी उपयोगी पडावी, एवढंच डोक्यात होतं. गणपतीनंतर तिथं परदेशातून बॅटरीवर चालणारी एक चाकांची खुर्ची भेट आली. हाताशी एक दांडी. लोटली की खुर्ची चालते, सोडली की थांबते. दिवाळीपर्यंत कुणी मूल ती चालवायला शिकलं तर ठेवायची, नाही तर पुण्याला पाठवायची असं ठरलं. तिची खरी गरज एकीलाच होती. पाटणकडची दहा वर्षांची पोर, पोलिओनं पाय गेलेले, हातांत चाक फिरवण्याइतकाही जोर नाही. खुर्ची गेली असती तर तिला जन्मभर कुणीतरी उचलूनच न्यायचं. पहिल्या दिवशी ती भिंतीवर आदळली आणि हसत सुटली. "बाई, ही आमच्या खोंडावानी हाय. जरा हात लावला की उधळती!" पंधरा दिवसांत तिला वळणं जमू लागली.

मग खंडेनवमी आली. मला लहानपणची तुमची आठवण झाली. कोयनेच्या धरणाच्या कामावर तुम्ही ट्रक धुऊन झेंडूची माळ घालताय, नारळ फोडताय. मी हौसेनं पायरीवर चढते, आणि तुम्ही दंडाला धरून सगळ्यांदेखत मला खाली ओढता. "पुजल्याली गाडी हाय, पाय लावतीस व्हय गं?" तो दंड मला अजून दुखतो, तरी त्या दिवशी मी तुमच्यासारखीच खुर्चीची पूजा केली. हळदकुंकू, झेंडू, सगळं.

दसरा झाला, तरी पोर खुर्चीत बसेना. "देव झाली न्हवं ती? देवावर पाय कसं ठेवू? आजी म्हंती, मागल्या जन्मी देवाला लाथ मारली म्हणून माझं पाय असं झालं."

मी समजावलं, रागावले, एकदा उचलून बसवली तर पाय खालच्या पट्टीवर ठेवू देईना, रडत राहिली. दिवाळीला चार दिवस उरले. खुर्चीच्या बांधाबांधीसाठी लाकडी खोकं आणून ठेवलं होतं. तेव्हा मी तिच्याजवळ फरशीवर बसले आणि म्हणाले, "माझे वडील, आबा, ट्रक चालवायचे. पूजा झाली की मला उचलून गाडीत बसवायचे. म्हणायचे, ठेव पाय. गाडीचा देव पाय ठेवल्यावरच जागा हुतो."

"खरं?"

"खरं."

"लय चांगलं हुतं की तुमचं आबा," ती म्हणाली. मग हात जोडले आणि म्हणाली, "बसवा." पाय मात्र पट्टीवर माझ्याकडून ठेवून घेतले, आधी डावा, मग उजवा. दांडी लोटली आणि व्हरांड्याच्या टोकापर्यंत एकटी गेली. तिथून वळून परतही आली. खोकं आता आम्ही सरपणाला दिलं आहे.

ती अधूनमधून तुमच्याबद्दल विचारते, आणि मी नवीन काहीतरी सांगते. तुम्ही मला ट्रकमधून वाईला नेलंत, चाक धरायला दिलंत. हे पत्र हजेरीच्या वहीत ठेवून देईन. आबा, तिला सांगितलेले ते आबा मला तुमच्यापेक्षा जास्त आठवायला लागले आहेत.