जांभ्या चिऱ्यांवरचं गाणं

राजिवडा, रत्नागिरी

प्रिय यासीनभाईस,

सुरय्याचा सलाम. कुवेतच्या उन्हात तू आणि भाभी खुशाल असाल, तुझा गुडघा जिना चढू देत असेल आणि भाभीने तुझ्या चहातली साखर अजून पुरती बंद केली नसेल, अशी दुआ करते. आम्ही बरे आहोत. (बरे म्हणजे कसे, ते खाली लिहिलंच आहे.) फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण फोन कानाला लावला की शिफाचे अब्बा समोर खुर्ची ओढून बसतात आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघतात. शेजारचे लोक तिकडे यायला निघालेत, त्यांच्या हाती हे पाकीट देते.

जहाजावरची नोकरी संपवून हे कायमचे घरी आले, तेव्हा इतर लोक आणतात तशी घड्याळं-अत्तरं आणतील असं मला वाटलं होतं. आला तो एक ॲम्प्लिफायर, आमच्या पेटाऱ्याएवढा जड, आणि माझ्या खांद्याला लागतील असे दोन स्पीकर. जन्मभर इंजिनरूममध्ये मशीनचा आवाज ऐकला, आता गाणं ऐकणार, म्हणाले. मलाही बरं वाटलं. पहिल्या दिवशी मी शीरखुर्मा केला, यांनी आपल्या तरुणपणीची ती कव्वाली लावली, डोळे मिटले आणि थोड्या वेळाने उघडले. चेहरा असा, की कुणाच्या मयताला जाऊन आलेत. म्हणाले, सगळं आहे, पण जीव नाही.

त्या दिवसापासून घरात जीव घालायचं काम सुरू झालं. कुठल्या तरी परदेशी माणसाने इंटरनेटवर यांना सांगितलं की स्पीकरखाली जड दगड पाहिजे. आपल्याकडे दगड म्हणजे जांभा. कंपाउंडसाठी आणलेले चिरे हॉलमध्ये आले. स्पीकर थरथरला की चिऱ्याची लाल भुकटी खाली झिरपते. मी सकाळी पुसते, दुपारी परत माझ्या फरशीचा मुरुमाचा रस्ता झालेला असतो. मग काचेचं कपाट आवाज परतवतं असं ठरलं, म्हणून अम्मीच्या कपबश्या माळ्यावर गेल्या. भिंतींवर गोधड्या लटकल्या. (आलेल्या बाया विचारतात, ऊन नाही का पडत तुमच्या अंगणात?) कोपऱ्यात जाड आवाज साचतो म्हणे, पागोळीचं पाणी साचावं तसा. तो शोषून घ्यायला आंब्याच्या रिकाम्या पेट्या भाताच्या पेंढ्याने गच्च भरून एकावर एक रचल्या. पलीकडच्या यमुनाबाई सहज म्हणून डोकावल्या आणि त्या पेट्या बघून बसल्याच. चहा झाला, पोहे झाले, बाई काही उठेनात. शेवटी दारात चपला घालताना म्हणाल्या, "यंदा बरा लवकर आला हो तुमचा हापूस." श्रावण चालू होता, भाई. मला पेटी उघडून पेंढा दाखवावा लागला. तेव्हापासून त्या माझ्याशी जरा हळू आवाजात बोलतात, आजारी माणसाच्या घरात बोलतात तसं.

हॉलच्या मधोमध एकच खुर्ची. म्हणे गाणं तिथेच नीट पोचतं. मी कुठे बसायचं? मी स्वयंपाकघरात, कारण माझ्या बांगड्या वाजतात. जरा बरा मूड असला की मला समजावत. आवाज मोठा असणं वेगळं आणि गाणं जवळ येणं वेगळं. गाणारा श्वास घेतो तो ऐकू यायला पाहिजे, दोन ओळींच्या मधली शांतता ऐकू यायला पाहिजे, समोर माणूस बसलाय असं वाटायला पाहिजे. ते ऐकताना मला आपल्या पावस गावच्या घराची ओटी आठवायची. तू पहिल्यांदा सुट्टीवर आलास आणि टू-इन-वन रेडिओ-टेप आणलास. त्याच्या स्पीकरची पडदी प्रवासात फाटली होती, ती तू खळ लावून कागदाने चिकटवलीस. पायरीवर अर्धी वाडी बसलेली, आत बांगड्याचं कालवण उकळतंय, माडांत वारा, मुलांचा कालवा, आणि त्या चिकटवलेल्या डब्यातून कव्वाली. कुणाचा श्वास ऐकू येणार त्यात! तरी अम्मी पदर डोळ्यांना लावायची आणि अब्बा उगाच कंदिलाची काच पुसत बसायचे. शिफाच्या अब्बांनी ती कव्वाली पहिल्यांदा तिथेच ऐकली. (कव्वाली ऐकायला येत होते की मला बघायला, हे त्यांनी अजून कबूल केलेलं नाही.)

पण आता हे घरी आले ते गप्पच. बोटीवर असताना सुट्टीला यायचे तेव्हा जसे बोलायचे तसे नाहीत. मी काही सांगितलं की 'हं' म्हणायचे आणि भलतंच करायचे. कोथिंबीर सांगितली तर जंजीर आणतील, अशी गत. मला वाटलं, पाण्यावर राहून माणूस घराला विटतो, तसं झालं असेल. तुला हे कधी कळवलं नाही. कुणालाच नाही.

मग दापोलीहून शिफा सुट्टीवर आली. यांनी तिला त्या खुर्चीत बसवलं आणि विचारलं, आता सांग, जीव कुठे कमी पडतो? पोरीने ऐकलं आणि म्हणाली, किती सुंदर आहे, अब्बा, प्रत्येक ओळीनंतर ते बारीक घुंगरू वाजतं ते. हे म्हणाले, कुठलं घुंगरू? तिने परत लावलं. हे पुढे वाकले. तिने आवाज वाढवला. मला स्वयंपाकघरात, कढईवर मासे तडतडत असताना ते घुंगरू स्पष्ट ऐकू येत होतं. यांना नाही. ते लेकीकडे बघून हसले, चेष्टा करतेस ना म्हणून. शिफा हसली नाही.

कानातला मळ काढायचा म्हणून तिने त्यांना डॉक्टरकडे नेलं. तिथे कागदावर रेघ निघाली. जाड आवाजांची सरळ चालते आणि बारीक आवाज आले की घाट उतरावा तशी खाली. इंजिनरूममध्ये इतकी वर्षं काढली, त्याचं हे, डॉक्टर म्हणाले. घुंगरू गेलं, डास गेले, आणि बायामाणसांच्या बोलण्यातली अर्धी अक्षरं गेली.

घरी येऊन हे उरलेल्या एका चिऱ्यावर बसले. खुर्चीत नाही. म्हणाले,

"सुरय्या, मला वाटायचं तू पुटपुटायला लागलीस."

मी म्हटलं, "आणि मला वाटायचं, तुम्हाला माझ्याशी बोलायचंच नाही."

"आणि मी मशीन दुरुस्त करत बसलो," म्हणाले.

मला हसू आलं आणि मग रडूही आलं, ते मी तव्यावरच्या धुराच्या नावावर खपवलं.

मशीन लावलंय आता कानाला. पहिल्या दिवशी दचकले. म्हणाले, हे माड इतके बोलतात? माझी चप्पल वाजते, फ्रिज कण्हतो, सगळ्याची तक्रार. बोलणं कळतं, पण गाणं त्यातून पत्र्यासारखं येतं, म्हणून गाण्याच्या वेळी काढून ठेवतात. गोधड्या उतरल्या, पेंढा यमुनाबाईंच्या गाईने खाल्ला. खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची आली. मी बांगड्यांसकट तिच्यात बसते, आणि घुंगरू आलं की यांच्या हातावर बोटाने टकटक करते. हे मान हलवतात, आलं म्हणतात. ऐकू येतं की आठवतं, ते मी विचारत नाही. परवा डोळे मिटून म्हणाले, आता जीव आहे.

भाभीला सलाम, मुलांना प्यार.

तुझी,
सुरय्या

ता.क. यांनी तुला मनगटाएवढी जाड वायर आणायला सांगितली आहे. ती मुकाट्याने आण. आणि आलास की समोर बसून सावकाश बोल, ओरडू नकोस, कीव करू नकोस. पत्र लिहिलं ते एवढ्याचसाठी.

ता.क. दुसरा. यासीनभाई, मी मुसा. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. वायर आणू नका, गरज नाही. सुरय्याला तालाचं अंग नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. कव्वाली मला पाठ आहे. घुंगरू वाजून जातं, गाणारा पुढच्या ओळीवर पोचतो, मग हिचं बोट येतं. मी त्याची वाट बघत थांबतो. तिला सांगू नका, सुधारायला बघेल.