मराठी मशीनचा सकाळचा तास

सर, गेल्या महिन्यात घरातल्या जुन्या कॉम्प्युटरची सिस्टीम बदलली आणि त्यापायी मला तुमचा नव्याने राग आला. तुम्ही गेलात तेव्हा कॉम्प्युटर हा शब्द आपण फार तर पेपरात वाचला असेल, म्हणून थोडं समजावून सांगतो. टायपिंगचं मशीन जसं टेबलावर बसतं, तसं आमचं लिहिण्याचं सॉफ्टवेअर त्या सिस्टीमवर बसतं. टेबल डगमगायला लागलं म्हणून सुनेने नवं टाकलं, आणि मग कळलं की जुनं मशीन त्यावर मावतच नाही. रिटायर झाल्यापासून ज्यात मी लोकांचे अर्ज टाइप करून देत होतो, ते उघडेचना. आता दुसरं निवडायचं. एक विकतचं, जे कचेरीपासून झेरॉक्सवाल्यापर्यंत सगळ्यांकडे आहे, आणि एक फुकटचं. सून शाळेत शिकवते, तिला यातलं कळतं. ती म्हणाली, "बाबा, दोन्ही चांगलेच हायेत. पण तुमची बोटं जुन्या टायपिंग मशीनची. कीबोर्ड तसाच पायजे असंल तर फुकटचं घ्या. बुलढाण्याच्या मावशींनं त्याच्यात तो बसवून घेतला हाय. फोन लावू का त्याईले?"

बुलढाण्याच्या मावशी म्हणजे कोण, हे तुम्हाला ओळखता येईल. उंद्रीहून तुमच्या टायपिंगच्या क्लासला यायची ती. जिल्ह्याच्या कचेरीतून रिटायर झाली, आता सत्तरीला टेकली आहे आणि माझ्यासारख्या म्हाताऱ्यांना कॉम्प्युटर शिकवते. सून कुठल्याशा प्रशिक्षणात तिला भेटली, तेव्हापासून आमच्याकडे मावशी असं म्हणाल्या आणि मावशी तसं म्हणाल्या, हेच चाललेलं असतं. माझ्या घरात, माझ्या चहाच्या वेळी. मी सुनेला म्हणालो, फोनबिन काही लावायचा नाही, विकतचं घे. कशात काय सोय आहे याचा मी घडीभरही विचार केला नव्हता. ती जे वापरते ते मला नको होतं, एवढंच. सुनेने विकतचं आणलं.

चिखलीत किराणा दुकानाच्या माडीवर तुमचा क्लास. खालून मिरचीचा ठसका यायचा आणि शिंका देत देत आम्ही टाइप करायचो. पाच मशीनं, पाचही इंग्रजी. कळांवर तुम्ही पांढरं फडकं टाकायचे आणि फडक्याखाली हात घालून लिहायला लावायचे. लाकडी पट्टी टेबलावर आपटून ठेका धरायचे. कुणी फडकं उचलून डोकावलं की पट्टी थांबायची. "काऊन बे, बोटाले डोळे नाई फुटले अजून?" त्या खोलीत सगळ्यात जलद मी होतो. हे मी माझ्या तोंडाने म्हणत नाही, तुम्हीच बाजारात माझ्या वडिलांना म्हणाला होता. वडिलांनी घरी येऊन आईला सांगितलं आणि आईने त्या दिवशी शिरा केला. त्या शिऱ्याच्या चवीवर मी पुढे कितीतरी दिवस काढले.

मग मराठी मशीन आलं. राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती, कचेऱ्यांमधला कारभार मराठीत येत होता, आणि मराठी टायपिस्ट हवा म्हणून सगळीकडे मागणी. तुमचं मशीन एसटीच्या टपावरून लाकडी खोक्यात आलं. जिन्यावरून ते वर चढवताना खोक्याची पुढची बाजू मी धरली होती. धरतानाच मनाशी ठरवून टाकलं होतं, हे माझं. दुसऱ्या दिवशी तुम्ही भिंतीवर तासांचा कागद लावला. दिवसभराचे सगळे तास कचेरीतल्या कारकुनांना, त्यांना मराठी टायपिंग शिकायचा हुकूमच होता. उरला सकाळचा पहिला तास, आणि त्यासमोर तिचं नाव. जेमतेम चार महिन्यांपूर्वी क्लासला आलेली पोरगी, मान वर करून बोलतही नसे. मी तुम्हाला विचारलं, सर, मी का नाही? तुम्ही रिबन बदलत होता, बोटं काळी झाली होती. वर न बघता म्हणालात, "तुह्या बोटाले घाई हाय बे. थांब सालभर." सगळ्यांच्या देखत. ती तिथेच बसली होती. माझे कान तापले ते अजून आठवतात.

जळफळाट म्हणजे काय ते मी त्या वर्षी शिकलो, टायपिंगच्या आधी. तिची उंद्रीची गाडी पंक्चर व्हावी असं मी रोज सकाळी म्हणायचो. गाडी रोज वेळेवर यायची. मी माझ्या तासाच्या आधीच माडीवर यायचो आणि मशीनं पुसायच्या निमित्ताने तिच्या पाठीमागे उभा राहायचो. तिचं फडकं अजून पडलेलं नसायचं, नव्या मशीनवर पहिले दोन महिने तुम्ही कळा बघू द्यायचे. एकेका दिवशी तीन-चार अक्षरं डोक्यात घेऊन मी घरी पळायचो. शर्टाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर शाईने चौकोन आखले होते, त्यात ती भरायचो. पुठ्ठा पुरा झाला तसा मी त्याच्यावर सराव सुरू केला. स्वयंपाकघरात आई भाकरी थापायची आणि मी चुलीच्या उजेडाला पुठ्ठ्यावर बोटं आपटायचो. आई म्हणायची, "काय ढोलक वाजवून राह्यला रे? कागद नाई, मशीन नाई, अन् कोणाले लिहून राह्यला?" तुम्हाला लिहीत होतो. मराठी सरावाचं पहिलं वाक्य मी रोज तेच घ्यायचो: माझी बोटं थांबायला तयार आहेत. पुठ्ठ्यावर ते कधी उमटलं नाही, हे बरं झालं.

परीक्षा बुलढाण्याला होती. खऱ्या मराठी मशीनवर माझं बोट पहिल्यांदा पडलं ते त्या परीक्षेतच. डाव्या कोपऱ्यातल्या दोन कळा मी पुठ्ठ्यावर उलटसुलट मांडल्या होत्या, ते तिथं कळलं, आणि कळून उपयोग नव्हता, बोटांना तीच सवय झाली होती. चुका भरपूर झाल्या, तरी पास झालो. ती पहिली आली. तुम्ही तिला तुमची लाकडी पट्टी दिली. ठेका धरायची ती पट्टी, सर. मला म्हणालात, "तू कुठं शिकला बे मराठी?" मी म्हणालो, असाच. तुम्ही हसलात. ते हसणं मी थट्टेचं धरून चाललो. तिला जिल्ह्याच्या कचेरीत नोकरी लागली, मला तालुक्याच्या. जिल्ह्याहून येणाऱ्या कागदांवर खाली डाव्या हाताला टायपिस्टच्या नावाची आद्याक्षरं असायची. तिची आद्याक्षरं दिसली की मी आधी चुका शोधायचो, मग मजकूर वाचायचो. नोकरीच्या सगळ्या वर्षांत तीन सापडल्या.

तर विकतचं आणलं. सुनेला त्यात जुन्या मशीनचा कीबोर्ड काही बसवता आला नाही, आणि होता तो सगळाच वेगळा. आपण पहिली वेलांटी आधी मारायचो, अक्षर मागून. इथे अक्षर आधी. मी आधी वेलांटी मारली की ती बिचारी एका ठिपक्याठिपक्यांच्या गोलावर जाऊन बसायची. बीबी गावचा एक माणूस जमीन मोजणीचा अर्ज करायला आला होता. एका पानासाठी मी त्याला दोन तास बसवून ठेवलं. दुसऱ्या चहानंतर तो अदबीने म्हणाला, "काका, तुमी आराम करा, मी तिकडून झेरॉक्सवाल्याकडून करून घेतो." त्यानंतर आठवडाभर कुणी आलं नाही. माणसं येतात, ओट्यावर बसतात, गावचं बोलतात, हाच माझा दिवस होता. तो हातचा जायला लागला तरी मी फोन लावू दिला नाही. शेवटी सुनेने मला न विचारता लावला.

ती रविवारी आली. एसटीनेच आली, पायात पांढरे बूट, खांद्याला पिशवी. "भाऊ, तब्येत बरी हाय ना?" एवढं विचारून सरळ माझ्या खुर्चीत बसली. फुकटचं टाकलं, त्यात जुन्या मशीनचा कीबोर्ड बसवला. मग म्हणाली, आता मी करते तसं पाहा. मी तिच्या पाठीमागे उभा राहिलो. दुसरं कुठं उभं राहणार? ती लिहायला लागली आणि तिचा उजवा खांदा हळूच बाजूला झाला, कोपर आत गेलं, आणि मला सगळ्या कळा दिसायला लागल्या. मागे वळून न बघता ती म्हणाली, "दिसून राह्यलं ना भाऊ?"

मी एक पाऊल मागे सरलो. ती हसली. म्हणाली, "सवयच लागली पाहा मले. सरांनं सांगतलं होतं, तो पोरगा मांगं उभा राह्यला का जरा बाजूले होत जाय. त्याले पाहू दे, पण त्याले समजू नको देऊ. मानी हाय म्हणे तो." मी विचारलं, मग तास मलाच का नाही दिला? माझा आवाज मलाच पोरकट वाटला. ती म्हणाली, "माह्या बापानं एकच गाडी कबूल केली होती. सकाळी याची अन् धा वाजता परत जाची. एकच साल. पास झाली तर नोकरी, नाई तर लग्न. सरांनं माह्या बापाले जबान देली होती. तुमी काय, तुमी कशावरही शिकले असते." मग मी लिहून बघितलं आणि नेहमीसारखा डाव्या कोपऱ्यात अडखळलो. तिने ते लगेच हेरलं. "ह्या दोन उलट्या काऊन दाबता?" मी पुठ्ठ्याचं सांगितलं. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "तिकडं माह्या बांगड्या आड येत असतीन." आणि त्या दोन कळा तिने माझ्यापुरत्या बदलून दिल्या. या कीबोर्डात तेही करता येतं.

आता मी फुकटचंच वापरतो. अर्ज पुन्हा यायला लागले आहेत, बीबीचा माणूसही परवा येऊन गेला. सुनेला मात्र मी सांगितलं की दोन्हींचा नीट विचार करून मीच हे निवडलं. तिने मान डोलावली.

सर, हे सगळं ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण ती गेल्यावर जेवायला बसलो आणि मला कळलं की मी पुन्हा जळतो आहे. या वेळी तासासाठी नाही, पट्टीसाठीही नाही. तुम्ही दोघं माझ्याबद्दल बोलत होता. मी जिन्यावर दिसलो की तुमची नजर तिच्याकडे जात असेल आणि ती खांदा बाजूला घेत असेल. एक सबंध वर्ष तुमच्या दोघांमध्ये एक गोष्ट होती, ती गोष्ट मी होतो, आणि मलाच ती ठाऊक नव्हती. विश्वास तुम्ही तिच्यावर टाकला. मला तुम्ही माझ्या नकळत शिकवलं. एवढ्या वर्षांत कधीतरी, एकदा, मला म्हणायला हवं होतं, बे, मले माहीत होतं. माझं वय झालं आहे, गुडघे गेले आहेत, नातू कॉलेजात आहे, आणि मी एका म्हातारीच्या नशिबावर जळतो आहे. हसायचं तर हसा.

हे पत्र मी छापणार नाही आणि सुनेला दाखवणार नाही. पण एक गोष्ट कुठेतरी लिहायची होती. जाताना तिने ओट्यावर बूट घालता घालता विचारलं, "भाऊ, सर त्याईच्या गावाले, धामणगाव बढ्याले, आजारी होते तवा तुमी आले नाई. लय वाट पाह्यली त्याईनं. रोज इचारे, तो आला का म्हणून." मी म्हणालो, रजाच मिळाली नाही हो तेव्हा.

रजा मिळाली होती, सर. मी आलो होतो. तुमच्या दाराशी पोहोचलो तेव्हा आतून तिचा आवाज आला, ती तुम्हाला पेपर वाचून दाखवत होती आणि तुम्ही मधेच काहीतरी बोलून हसलात. मी हातातली मोसंबी शेजारच्या घरी दिली आणि दुपारच्या गाडीने परत आलो.