तांब्याची तार

विश्रांतवाडी, पुणे
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

चि. मिसबा,

अनेक आशीर्वाद. तू ईमेल पाठवलास आणि काका टपालाने उत्तर देतायत म्हणून हसशील. हस. मोबाइलवर माझं एक बोट तीन अक्षरं दाबतं आणि उरलेलं तो फोन स्वतःच्या मनाने लिहितो. पेन निदान माझं ऐकतं.

आम्ही दोघं बरे आहोत. दुर्गाची साखर तिच्या मते ठीक आहे, डॉक्टरांच्या मते नाही. आमची सोसायटी पुनर्विकासाला निघाली आहे, त्यामुळे गच्चीवरचा ॲन्टेनाचा टॉवर उतरवावा लागणार. मीटिंगमध्ये एका सभासदाने विचारलं, "ते पंचेचाळीस फुटी लोखंड भंगारात द्यायचं, की तुम्ही बरोबर नेणार?" मी म्हटलं, खिशात घालून नेतो. सगळे हसले. तुझ्या अब्बांनी एकेक सांधा स्वतः वेल्ड करून, मार्केट यार्डामागच्या आपल्या वर्कशॉपमधून टेम्पोच्या तीन खेपांत आणलेला तो टॉवर. भंगार म्हणणाऱ्यावर चिडायला हवं होतं. हल्ली चिडायचाही कंटाळा येतो.

तुझ्या भाषणाचा मजकूर दोनदा वाचला. हॅम रेडिओच्या परवान्याच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांपुढे टॉवरच्या सुरक्षेवर बोलायला योगेशने तुलाच बोलावलं, हे योग्यच. आमच्या क्लबात एवढी वर्षं सेक्रेटरी असून त्याने घेतलेला हा पहिला शहाणा निर्णय. लिहिलंयसही छान. तांत्रिक चुका काढा म्हणालीस, तर काढतो, कारण चुका काढायला सांगितल्यावर पुण्यात कोणी नाही म्हणत नाही.

केबलच्या जोडावर टेप गुंडाळायची ती खालून वर. तू वरून खाली लिहिलं आहेस. खालून वर गेलं म्हणजे वरचा पदर खालच्यावर चढतो, कौलांसारखा, आणि पाणी बाहेरून ओघळून जातं. उलटं केलं तर प्रत्येक पदर पाणी झेलतो, आणि दोन पावसाळ्यांत केबल आतून काळी पडते. केबल खिडकीतून आत घेण्याआधी तिला खाली एक झोळ द्यायचा, हे लिहायचं राहिलं आहे. तेही घाल, नाहीतर पाणी केबलवरून चालत थेट रेडिओपर्यंत येतं.

टॉवरला तीन बाजूंनी ओढून धरणाऱ्या तारांचं तू नीट समजावलं आहेस. प्रत्येक तारेच्या तळाशी टर्नबकल असतो, तो फिरवून ताण कमी-जास्त करायचा, आणि वाऱ्याने आपोआप उलगडू नये म्हणून त्यातून बारीक तार ओवून बांधायची. बरोबर. चढण्याआधी खालच्या माणसाने तिन्ही टर्नबकलपाशी जायचं, प्रत्येकावर हात ठेवून आकडा ओरडायचा आणि वर जाणाऱ्याने तो परत म्हणायचा, ही तुझ्या अब्बांची पद्धत तू लिहिलीस, ते फार बरं केलंस. "एक!" "एक पक्की." रेडिओवर निरोप परत म्हणून खात्री करतात ना, तसं. वर्कशॉपातल्या माणसाने आम्हाला शिकवलेली ती एकमेव रेडिओची गोष्ट.

चढणाऱ्याच्या सेफ्टी बेल्टच्या परिच्छेदात मी हात घातलेला नाही. तो तुझा आहे.

रविवारी येईन. मागे बसेन. रशीदावहिनींना सलाम सांग. बिबवेवाडीला यायचं किती दिवस म्हणतोय, गुडघा ऐकत नाही.

तुझा,
वैजनाथकाका

ता. क. पान चारवर तू लिहिलं आहेस की टर्नबकल बांधायला तांब्याची तारही चालते, काकांच्या गच्चीवर तशी आहे. ते काढून टाक. जस्ताच्या मुलाम्यावर तांबं बांधू नये, दोन धातू पाण्यात एकमेकांना खातात. माझ्या गच्चीवर आहे ती चूक आहे.

*

विश्रांतवाडी, पुणे
शुक्रवार, २१ नोव्हेंबर २०२५

मिसबा,

'चि.' आणि आशीर्वाद मुद्दाम लिहिले नाहीत. पत्र वाचून झालं की कारण कळेल. हे पत्र एकटी असताना वाच, वहिनींसमोर नको.

रविवारी तू सुरेख बोललीस. चाळीस मुलं, आणि एकाने मोबाइल काढला नाही. टेप खालून वर, केबलला झोळ, सगळं माझ्या सांगण्याप्रमाणे. मग तू बेल्टवर आलीस. म्हणालीस, "वीस फुटांवर, जिथे तारा टॉवरला बांधलेल्या असतात, तिथे माझ्या वडिलांनी हुक काढला आणि परत लावला नाही. एक हुक. त्यानंतर ते चार वर्षं अंथरुणावर होते. मी त्यांच्यावर चार वर्षं चिडले. शेवटच्या आठवड्यातसुद्धा." मुलं लिहून घेत होती. माझ्या शेजारच्या मुलीने 'हुक' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या.

मग तो पुढच्या रांगेतला चष्मेवाला उठला आणि म्हणाला, "मॅडम, बट खाली जे होते, त्यांनी सगळं चेक केलं होतं का?" तू माझ्याकडे हात केलास. "खाली हे काका होते. त्यांनी तिन्ही तारा पाहिल्या होत्या. ते नसते तर अब्बा तिथेच गेले असते." आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या, मिसबा. मी उठून उभा राहिलो, ते बोलायला. त्यांना वाटलं, नमस्कार करायला उठलो. मी नमस्कार केला आणि बसलो.

मी तिसरी तार पाहिली नव्हती.

आता सगळं क्रमाने सांगतो. मध्ये थांबलो तर परत लिहायचा नाही.

अब्बा पडले त्या रविवारच्या आदल्या दिवशी संध्याकाळी टॉवर ओळंब्यात आणायला मी तिसरा टर्नबकल सैल केला. बांधलेली तार सोडून खिशात घातली. सात-आठ फेरे उलटे दिले असतील. एवढ्यात खाली चालू ठेवलेल्या रेडिओवर अंटार्क्टिकावरच्या एका तळाचा आवाज आला. अकरा वर्षं मी त्या तळाची वाट पाहत होतो. अकरा वर्षं! दर वर्षी तो इतरांना सापडायचा, मला नाही. मी धावत खाली गेलो. पाऊण तासाने त्याने माझा रेडिओवरचा संकेत परत म्हटला तेव्हा मी एकटाच खोलीत नाचलो. दुर्गाला शिरा करायला लावला. चांदला, तुझ्या अब्बांना, फोन केला, ते म्हणाले, "वैजू, आता तू मरायला मोकळा झालास बघ." त्या आनंदात टर्नबकल तसाच राहिला.

सकाळी चांद आला. मी पहिल्या तारेपाशी गेलो, हात ठेवला, "एक!" "एक पक्की." दुसरीपाशी गेलो, "दोन!" "दोन पक्की." तिसरी पाण्याच्या टाकीमागे आहे, तुला माहीत आहे, पाइपाखालून वाकून जावं लागतं. माझ्या हातात चहा होता आणि तोंडात अंटार्क्टिका. आणि डोक्यात हे, की कालच तर मी ती हाताळली. मी दुसरीपाशी उभा राहूनच ओरडलो, "तीन!"

"तीन पक्की," तो म्हणाला आणि चढला.

वीस फुटांवर हुक काढावाच लागतो. त्या जुन्या बेल्टला एकच दोरी होती, तारांच्या वर जायचं तर ती सोडून वरच्या बाजूला परत लावायची. तीन-चार सेकंद. तुझे अब्बा ते शंभर वेळा करत. त्या चार सेकंदांत माणूस हातांवर नसतो, खालच्याच्या शब्दावर असतो. त्यांनी हुक काढला, अंग टाकीच्या विरुद्ध बाजूला गेलं, सैल तारेने टॉवरला हिसका बसला आणि ते खाली आले. हुक लावलेला नव्हता हे मी पोलिसांना सांगितलं. तुला सांगितलं. ते खरंच होतं. एवढ्या वर्षांत मी एकही खोटं वाक्य बोललो नाही, एक सोडून. ते पुढे सांगतो.

शेजारचे धावत आले. चौघांनी त्यांना चादरीवर घेऊन जिन्याने खाली नेलं. मी म्हटलं, गच्चीला कुलूप लावून येतो. तू नंतर कधीतरी विचारलं होतंस, काका, तुम्ही ॲम्ब्युलन्समध्ये का नव्हता? मी टाकीमागे होतो. टर्नबकल आवळत होतो. आठ फेरे, मोजले. खिशातली जुनी तार तुटली, पेटीत दुसरी सापडेना, म्हणून ॲन्टेनाच्या तांब्याच्या तारेचा तुकडा कापला आणि बांधला. मागे वळलो तर दारात दुर्गा उभी होती, पाण्याचा तांब्या घेऊन. चांदसाठी आणला होता. तिने माझ्या हातातली पक्कड पाहिली. तांब्या उंबऱ्यावर ठेवून खाली गेली. त्यानंतर ती कधी गच्चीवर गेलेली नाही. पापडसुद्धा बाल्कनीत वाळवते.

दुसऱ्या वर्षी तू अब्बांची हत्यारं न्यायला आलीस, आणि टाकीमागे वाकून म्हणालीस, "काका, इथे तांबं कसं?" मी म्हटलं, बाइंडिंग वायर संपली होती. तू मान डोलावलीस आणि ते शिकून घेतलंस. सात वर्षांनी तुझ्या भाषणात ते पान चारवर आलं. मी केलेल्या लबाडीवरून तू धडा लिहिलास आणि तोही मलाच तपासायला पाठवलास. तेव्हाही मी दोन धातूंचं शास्त्र सांगितलं.

आता ते एक वाक्य.

ऑपरेशननंतर दहाव्या-बाराव्या दिवशी मी त्यांच्याजवळ एकटा होतो. वहिनी औषधं आणायला गेल्या होत्या. डोळे छताला लावून ते म्हणाले, "वैजू, टॉवर हलला रे. मला जाणवलं. तिसरी पाहिली होतीस ना तू?"

मी म्हटलं, "पाहिली होती."

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "मग माझंच चुकलं."

तुला त्यांनी हेच सांगितलं होतं ना? तू ओरडायचीस, "एक हुक लावायला किती वेळ लागतो, अब्बा?" आणि ते भिंतीकडे तोंड करून म्हणायचे, माझंच चुकलं. दोनदा मी समोर बसलेलो होतो. ते वाक्य त्यांचं नव्हतं, मी दिलेलं होतं. स्वतःच्या हातांपेक्षा माझ्या शब्दावर त्यांचा भरवसा जास्त होता, म्हणून त्यांनी हिसका आपल्याला भासला असं ठरवलं. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात वेल्डिंगचा एक सांधा कच्चा सोडला नाही, तो स्वतःला निष्काळजी समजत गेला. तू एम.एस्सी. अर्धवट टाकून नोकरी धरलीस ती त्यांच्या चुकीपायी, असं समजत गेला. मी दर गुरुवारी त्यांना भेटायला यायचो, वहिनी माझ्यासाठी बिनसाखरेचा चहा वेगळा करायच्या, आणि म्हणायच्या, "वैजनाथभाऊ, तुमच्यासारखा दोस्त नशिबाला लागतो." मी चहा प्यायचो.

मला शरम वाटते, हे लिहिणंही आता स्वस्त वाटतं. पण वाटते. रोज वाटते. ती वाटून कुणाचं काही भलं झालं नाही.

सोमवारी मी योगेशला फोन करून सगळं सांगितलं. म्हटलं, मुलांना परत बोलाव, मी सांगतो. तो म्हणाला, "काका, आता कशाला? आठ वर्षं झाली. चांदभाई पण नाहीत. मिसबाच्या टॉकचं रेकॉर्डिंग ग्रुपवर गेलंय, नागपूर-सोलापूरहून लोक ऐकतायत, सगळ्यांना आवडलंय. हुकाचा मेसेज तर बरोबरच आहे ना? जाऊ द्या." मी ग्रुपवर लिहिलं, तर त्याने पाच मिनिटांत ते काढलं आणि माझी तब्येत बरी नसल्याचं सगळ्यांना कळवलं. आता लोक मला काळजी घ्यायला सांगतायत.

म्हणजे तुझ्या आवाजात तुझे अब्बा चुकीचे ठरले, ते आता गावोगाव ठरत राहतील. ते मला पुसता येत नाही. रविवारी उभा होतो तेव्हा एक मिनिट होतं. तेही मी नमस्कारात घालवलं. तुला हे आधी सांगितलं असतं, तर निदान त्यांच्या शेवटच्या आठवड्यात तू चिडली नसतीस. तो आठवडा मी तुला कुठून आणून देऊ?

मंगळवारी दुर्गाने विचारलं, "मिसबाला लिहिलंत का?" मी म्हटलं, मजकूर तपासून केव्हाच पाठवला. ती म्हणाली, "अहो, मी तेवढी खुळी नाही." आठ वर्षांत त्या गोष्टीवर ती बोललेलं हे पहिलं वाक्य. मग भाजी निवडायला बसली.

माफी मागत नाही. ती द्यायचा अधिकार ज्याला होता, त्याच्याकडे मागायला चार वर्षं मिळाली होती. तू वहिनींना सांगायचं की नाही, ते तू ठरव. सोबत सही केलेला कागद आहे, त्यात हेच सगळं थोडक्यात लिहिलं आहे. जिथे दाखवायचा तिथे दाखव. कोणी मानणार नाही असं मला वाटतं, पण तुझ्याजवळ असू दे. सोबतच्या पुडीत तांब्याचा तुकडा आहे. हिरवा पडला आहे. काल मी टाकीमागे गेलो, पाइपाखालून वाकून, आणि तो सोडला. पहिल्या दोन तारांवरच्या अब्बांच्या हातच्या गाठी मात्र अजून जशाच्या तशा आहेत. त्या सोडायला माझा हात धजला नाही.

येत्या गुरुवारी टॉवर उतरवणारी माणसं येतील. त्यांचा मुकादम विचारत होता, "काका, खाली तुम्हीच थांबाल ना? तारा तुमच्या ओळखीच्या आहेत." मी त्याला दुसरा माणूस बघायला सांगितलं. त्याने कारण विचारलं नाही.

तिसऱ्या तारेपाशी न गेलेला,
वैजनाथ