टॉड गायला, त्याला दहापैकी दोन

२ मार्च, सोमवार. दुपारची सुट्टी, गाडीत.
टॉडच्या बँडची नवी रेकॉर्ड आली. बँडचं नाव लास्ट शाफ्ट. बाजारात यायला दीड महिना आहे, ही लिंक फक्त समीक्षकांसाठी. आमच्या विल्क्स-बॅरी शहरात हार्डकोर आणि मेटलकोर या ओरडून म्हणायच्या संगीताचा निःपक्षपाती न्याय करणारा आता मी एकटाच उरलोय. गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो ते पोटासाठी. टॉड माझा सत्तावीस वर्षांचा दोस्त, पण ठरवलं, दोस्ती बाजूला. पहिलं वाक्य लिहून ठेवलं : या घशाला वय नाही. गुण साडेनऊ. उद्या ऐकतो.

३ मार्च. सुट्टी, गाडीत.
तिसरं गाणं. टॉड गातोय.
ओरडत नाहीये. गातोय! चालीत!
सँडविच खाली ठेवलं. घसा फाडून या शहरातली तावदानं हलवणारा माणूस लग्नातल्या हौशी पाहुण्यासारखा गोड आवाज लावतोय. माझे नियम जगजाहीर आहेत. ब्रेकडाऊनला, म्हणजे गाणं अचानक मंदावतं आणि माणसं एकमेकांना धडका मारायला लागतात तिथे, मान हलली की तीन गुण. गोड गायलं की तीन वजा. (मान हलवू नका असं फिजिओने सांगितलंय. मी मनातल्या मनात हलवतो.) खात्री करायला परत ऐकलं. गातोच आहे.

४ मार्च.
टॉडला चार फोन. एकही उचलला नाही. मनात खोट असली की असंच.
संध्याकाळी मेसेज : बोलता येत नाही, शनिवारी घरी ये, शेरिल हालुश्की करतेय. (शेरिल त्याची बायको, हालुश्की म्हणजे कोबी-नूडल्स.) बोलता येत नाही म्हणे! तोंड दाखवायची लाज वाटते असं सरळ लिही ना. मीही लिहिलं, मलाही येता येत नाही. बँडच्या ग्रुपवर सगळ्यांसमोर जाब विचारला असता, पण तो ग्रुप मी डिसेंबरपासून म्यूट केलाय. टी-शर्टच्या रंगाबद्दल माझं मत कुणी ऐकलं नाही.

७ मार्च, शनिवार.
टॉडकडे नॅन्टिकोकला गेलो नाही. गॅरेज आवरलं. मग आवरलेलं गॅरेज परत आवरलं. जनीन म्हणाली, सकाळपासून घड्याळाकडे बघतोयस, जा ना मुकाट्याने, खाऊन ये. बायकोला म्हटलं, प्रश्न कोबी-नूडल्सचा नाही, तत्त्वाचा आहे. ती म्हणाली, मग तत्त्वाला सांग, झाडू जागेवर ठेव.

८ मार्च.
रिव्ह्यू टाकला. दहापैकी दोन. एक ड्रमला, एक कव्हरला. शेवटचं वाक्य फारच जमून आलंय : घसा विकायचाच होता, तर निदान मित्रांना आधी सांगायचं. रेकॉर्ड यायच्या इतकं आधी लिहायची पद्धत नाही, पण दगाबाजीला मुहूर्त बघत बसायचा का? उद्या खळबळ.

९ मार्च.
खळबळ नाही. लोक सुन्न झाले असावेत.

१४ मार्च.
भांडी घासताना जनीनने विचारलं, काय रे गुणगुणतोयस मघापासून? गुणगुणत नव्हतो. अभ्यास चालला होता. तिसरं गाणं आतापर्यंत एकोणीस वेळा ऐकलं, निव्वळ चुका मोजायला. अजून एकही सापडलेली नाही. इतक्या सफाईने लपवल्यात.

२० मार्च, शुक्रवार.
जनीन चर्चमधून पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, आणायला गेली होती. तिथे टॉडची बायको शेरिल भेटली. जनीन परत आली ती कोट न काढताच बोलायला लागली.
टॉडच्या घशाचं ऑपरेशन झालं. तीन तारखेला. परत ओरडलास तर साधं बोलणंही जाईल असं डॉक्टरांनी बजावलंय. डिसेंबरात रेकॉर्ड करतानाच ओरडणं जमत नव्हतं, म्हणून गायला. ऑपरेशननंतर दोन आठवडे तोंडातून अक्षर काढायचं नव्हतं. हे सगळं त्या ग्रुपवर आहे, सगळ्यांना माहीत आहे. शेरिलला वाटतंय की तुलाही माहीत होतं, आणि माहीत असून तू ते लिहिलंस.
मग जनीनने विचारलं, तू नक्की कुणाचा दोस्त आहेस रे?
मी म्हणालो, समीक्षेत खाजगी गोष्टी आणायच्या नसतात. ती पिरोगी घेऊन आईकडे गेली. सगळ्या घेऊन.
ग्रुप उघडला. तीनशे बारा मेसेज. त्यातले सहा माझं नाव घेऊन. क्रेग कुठे आहे? क्रेगला कुणी सांगितलं का? क्रेग, अरे लेका, बघ तरी. ग्रुपमध्ये महत्त्वाचं आणि बिनमहत्त्वाचं वेगळं ठेवायची सोयच नाही. याबद्दल कधीतरी लिहायला हवं.

२१ मार्च.
गुण वाढवावेत का? साइटवर ठळक अक्षरात आहे : इथे दिलेला गुण बदलत नाही. मीच लिहिलंय.
टॉडला मेसेज लिहिला. पुसला. चार वेळा.
वाईट वाटतंय. मानेमुळेही असेल.

१९ एप्रिल, रविवार. सकाळ.
रेकॉर्ड परवा बाजारात आली. आज दोन वाजता अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये टॉडचा कार्यक्रम. ऑपरेशननंतरचा पहिला. बेत असा : मागे भिंतीला टेकून हाताची घडी घालायची, दोन गाणी ऐकायची, निघताना टॉडला माझी भूमिका शांतपणे समजावून सांगायची.

त्याच दिवशी, सात वाजता.
मागे नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून पुढे गेलो.
आमच्यात रीत आहे. गायक माइक गर्दीत धरतो, ज्याला शब्द येतात त्याने ओरडायचं. जुनी गाणी टॉडला आता ओरडता येत नाहीत, म्हणून आज माइक सारखा गर्दीतच. १९९९चं गाणं आलं, त्याने मला पाहिलं आणि माइक थेट माझ्या तोंडाशी धरला. हे गाणं माझ्या हाडांत आहे असं मी जगाला सांगत आलोय. पहिली ओळ ओरडलो. दुसरी आठवेना. दातांना तारा लावलेल्या एका मुलीने माझ्या खांद्यावर चढून अख्खं कडवं म्हटलं.
मग रेकॉर्डवरचं तिसरं गाणं. नवीन. कोरसला टॉडचा आवाज चिरकला आणि थांबला. त्याने माइक पुढे केला. दोन दिवसांची रेकॉर्ड, कुणालाच शब्द येईनात.
मला येत होते.
पूर्ण कोरस गायलो. गोड, चालीत, दोनदा. कुणीतरी व्हिडिओ काढला. टॉड हसत होता की रडत होता ते कळलं नाही. माझाच चष्मा ओला झाला होता.
नंतर गाड्यांपाशी भेटला. दिवसभराचा आवाज गाण्यांत संपला होता, म्हणून त्याने वहीत लिहिलं : रिव्ह्यू वाचला. मी भूमिका मांडायला सुरुवात केली. त्याने हात वर करून गप्प केलं आणि लिहिलं : ऑपरेशनच्या पाचव्या दिवशी वाचला. तुला शिव्या घालायलाही आवाज नव्हता, गाढवा.
मी हसलो. तो हसला नाही. पान उलटून लिहिलं : दोन दिलेस ते ठीक. त्या शनिवारी आला का नाहीस?
गॅरेज, असं म्हणणार होतो. म्हटलं नाही. तो गाडीत बसून गेला.

२० एप्रिल, सोमवार. सुट्टी, गाडीत.
नियम गेला खड्ड्यात. गुण बदलायला साइट उघडली. घाईत भलतंच बटण दाबलं गेलं आणि वाचकांच्या आकड्यांचं पान उघडलं. समीक्षकाने आकडे बघू नयेत, म्हणून अकरा वर्षांत कधी बघितलं नव्हतं.
दोनशे चौदा रिव्ह्यू. मला वगळून प्रत्येकाचा वाचक एक. शहर : नॅन्टिकोक. प्रत्येक वेळी, टाकल्याच्या दिवशीच. दोन गुणांचा तो रिव्ह्यूसुद्धा. तो नऊ वेळा.
नॅन्टिकोकमध्ये मी एकाच माणसाला ओळखतो.
फोन लावला. टॉडने उचलला. त्याला आवाज जपायचा असतो, त्यामुळे तो काही बोलला नाही. बोलायचं मलाच होतं. सुट्टी संपल्याचा भोंगा वाजेपर्यंत मला एक वाक्य सुचलं नाही. त्यानेही फोन ठेवला नाही.