छातीदुखीची गोळी

मर्थर, ऑक्टोबर १९९८

प्रिय एलुनेद,

सहा वर्षांनी माझं अक्षर बघून दचकशील. आपली लेक नेरिस बरी आहे, तिचा धाकटा चालायला लागलाय, तेव्हा घाबरू नकोस. वाच आणि हवं तर चुलीत घाल.

कोळशाची खाण बंद होऊन माझं काम गेलं आणि वर्षभरात मी तुझ्याकडे पाठ करून झोपायला लागलो. तू विचारायचीस, "माझं काही चुकलं का?" मी म्हणायचो, "कंबर दुखतेय." कंबर ठणठणीत होती गं. बंद पडलं होतं ते दुसरंच, आणि ते बायकोला सांगण्यापेक्षा मेलेलं बरं असं वाटायचं.

मग ब्याण्णव साली मी त्या औषधाच्या चाचणीला गेलो. छातीदुखीवरचं नवं औषध, आधी धडधाकट माणसांवर तपासतात, एवढंच तुला सांगितलं होतं. दहा दिवस, रोज तीन गोळ्या. चौथ्या दिवसापासून काय झालं ते तुला ठाऊक आहे. सकाळी तू स्वयंपाकघरात गात होतीस. कोकराच्या मटणाचा रस्सा केलास, तर नेरिस म्हणाली, "आज कुणाचा वाढदिवस?" मला वाटलं, मी आपला आपण बरा झालो.

शेवटच्या दिवशी नर्सने सगळ्यांना बसवून विचारलं, "आणखी कुणाला काही त्रास?" चॅपलमध्ये गाणारा आपला इदवाल कानापर्यंत लाल होत म्हणाला, "त्रास म्हणता येणार नाही, सिस्टर... पण रात्री जरा जास्तच जोर असतो." हशा पिकला. मग एकेक जण सुरू झाला. "अरे, मलापण!" "आणि मी म्हणतोय, बायको जेवणात घालते तरी काय!" नर्स हसत हसत लिहून घेत होती. मीही हसलो. मग संडासात जाऊन कडी लावली आणि रडलो.

उरलेल्या गोळ्या मागितल्या, तर नर्स म्हणाली, "एकही देता येत नाही, गोरॉन्वी. छातीला तर काही उपयोग दिसत नाही हिचा." आठवड्यात सगळं पहिल्यासारखं झालं. तू विचारलंस, "कोण आहे ती?" मी तुला तसं समजू दिलं, कारण त्यात निदान पुरुषाची अब्रू राहत होती. तू बॅग भरलीस तेव्हासुद्धा तोंड उघडलं नाही.

आता तीच गोळी पुरुषांच्या त्या दुखण्यावरची म्हणून औषधाच्या दुकानात आलीय, पबमध्ये तिच्यावर विनोद चालतात. मीही गेलो डॉक्टरकडे. कशासाठी, देव जाणे. तू तर स्वान्सीत ब्रिनच्या घरी, त्याच्याशी नवा संसार मांडून आहेस. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या हृदयाच्या औषधांबरोबर ही घेतलीत तर जागच्या जागी जाल." हो, मला आता खरोखरची छातीदुखी आहे.

गेल्या रविवारी नेरिस बोलता बोलता म्हणाली, "आई अजून म्हणते, मी थोराड दिसायला लागले, म्हणून तुझ्या बाबांचं मन उडालं." ते ऐकलं आणि हे पत्र लिहायला बसलो. एलुनेद, दुसरी कुणी नव्हती. तू दिसायला होतीस तशीच होतीस, मी बघायचो पाठ फिरवण्याआधी, रोज. उत्तर पाठवू नकोस. ब्रिनला वाईट वाटेल.

तुझाच (हक्क नाही, पण दुसरं काही लिहिता येत नाही),
गोरॉन्वी