गुलव्हेनच्या हातचे आकडे

ब्रेस्ट, २ मार्च १७८९

लागलो एकदाचा कामाला! मामाने मारे तोंडभर शिफारस लिहिली होती; नकाशाघराचे मास्तर त्रेगीए यांनी ती उघडलीसुद्धा नाही, फक्त माझी बोटं पाहिली. काम सोपं आहे. मूळ नकाशा कोऱ्या कागदावर ठेवून प्रत्येक खुणेवर सुईने टोचायचं, मग खालच्या भोकांवरून शाई फिरवायची. आणि नशीब बघा, पहिलाच नकाशा प्रशांत महासागराचा, माझ्या थोरल्या भावाच्या जहाजावरून आलेला! पाण्याची खोली मोजून आकडे लिहिणारा आमचा गुलव्हेनच. त्याचा शेपटीवाला सात मी कुठेही ओळखीन. जहाजाची वाट ठिपक्यांनी दाखवली आहे. शेवटचा ठिपका गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतला. तिथल्या बंदरातून नकाशा टपालाने निघाला. त्यानंतर जहाजाची खबर नाही. आई अजून त्याचे मोजे विणते.

५ मार्च

सकाळी शेवटच्या ठिपक्यापुढे आणखी एक ठिपका दिसला. शेजारी पाण्याची खोली, ४७ वाव, सात शेपटीवाला. दुपारी कुट्टूचं घावन खाऊन परततो तर गायब! रंग भरणारी पेरीन म्हणाली, "काय रे अर्मेल, भाऊ नकाशातून जेवायला येऊन गेला वाटतं?" नवीन माणसाची थट्टा चालली आहे. कुणाची करणी तेही कळलं: मास्तरांच्या बाहीवर कागदाचा भुगा होता.

९ मार्च

तीन रात्री नकाशा पेटीत बंद, किल्ली माझ्या गळ्यात. तरी रोज सकाळी पेटी उघडावी तर नवा ठिपका. म्हणजे ठिपके मास्तर काढत नाहीत. पण दिवसा चाकूने खरवडून पुसतात तेच. आज रंगेहाथ पकडलं. माझ्या भावाची खबर हा म्हातारा का दडवतो? त्याच्या हसण्यावरही आता माझा विश्वास नाही.

११ मार्च

भिंगातून पाहिलं. शेवटच्या ठिपक्यापुढचा कागद खरवडून खरवडून कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ झालाय. कित्येक महिन्यांचं काम. जाब विचारला तर म्हणाले, डोळे अधू झाले म्हणून तुला घेतलं, धीर धर, सगळं सांगतो. मी कसला धीर धरतो! सरळ वर तक्रार केली.

१२ मार्च

मास्तरांना काढून टाकलं. जाताना स्वतःचा चाकू माझ्या हातात कोंबून म्हणाले, "पोरा, मला चोर म्हण हवं तर, पण रोज खरवड. ठिपका पुसला की जहाज मागे येतं." मी हसलो. चाकू धक्क्यावरून पाण्यात फेकला.

१३ मार्च

३१ वाव.

१४ मार्च

१७ वाव. पुढचा भाग कोरा होता, तिथे कुणी पोचलंच नव्हतं. आज बारीक फुल्या उमटल्या आहेत. नकाशावर फुली म्हणजे खडक.

१५ मार्च

९. मास्तरांच्या घरी धावलो. शेजारीण म्हणाली, काल गाव सोडून गेले. कुठे, ते ठाऊक नाही. देवा, मी काय केलं—

१६ मार्च, सकाळ

४. पेरीनचा चाकू घेतला. खरवडतोय — फाटला. कागद फाटला. ठिपक्याच्या जागी भोक. कडा ओल्या. बोट जिभेला लावलं — खारट—

दुपार

आकडा नाही. भोकाभोवती अक्षरं येताहेत, गुलव्हेनच्याच हातची, घाईची. येतील तशी उतरवतो — कित्येक महिने कुणीतरी आम्हाला मागे खेचत होतं — अर्मेल, तो माणूस शोध — विचार त्याला, हात का सो—